‘कबूल’मधला दीर्घ ऊ

कुंदाताई,

परवा कोर्टातल्या तुझ्या मंडळींनी शोकसभा घेतली. मला म्हणाले, शेजारीण म्हणून चार शब्द बोला. मी सरळ नाही म्हटलं. सभेत बोलायचं म्हणजे तुला अहो-जाहो करावं लागणार, आणि सतरा वर्षं समोरच्या दारातून जिला ‘अगं ए’ म्हणून हाक मारली तिला ‘आदरणीय’ म्हणायला माझी जीभ वळली नसती. शिवाय तिथे सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. एकालाही तुझ्याशी भांडण झाल्याचं आठवेना! मी शेवटच्या रांगेत बसून मनात म्हणत होते, अरे, ही बाई किती आडमुठी होती, ते सांगा की कोणीतरी.

म्हणून हे घरी बसून लिहितेय. तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. दार उघडलं की तू असायचीस.

आपल्या कोपरच्या बिल्डिंगीत पाणी एक दिवसाआड यायचं आणि तुझ्याकडे माणसं रोज. संध्याकाळी कल्याणच्या कोर्टातून आलीस की काळा कोट खुंटीला टांगून तू दारातच पाटावर भाजी निवडत बसायचीस. मग कोणीतरी चपला काढून उभं राहायचं. ‘वकीलबाई, एक विचारू का?’ प्रश्न तेच ते. पोलिसांनी पोराला नेलंय, कधीपर्यंत ठेवतील? जामीन मिळाला म्हणजे सुटला ना? काहीच बोलला नाही तर गुन्हा त्याच्यावरच येईल का? वकील परवडत नाही, मग काय करायचं? गवारीच्या शिरा काढता काढता तू सांगायचीस. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभं करावंच लागतं. जामीन म्हणजे सुटका नव्हे, बोलवाल तेव्हा येईन हा शब्द. गप्प बसायचा हक्क आहे, बायकोपुढे नसेल पण कोर्टापुढे आहे. वकील नसेल तर साहेबांना मोठ्याने सांगायचं, मला वकील हवा, सरकार देतं. आणि बोलताना कोणी ‘गुन्हेगार’ म्हणालं की तू शेंग तशीच हातात धरून थांबायचीस. ‘आरोपी म्हणा. निकाल लागेपर्यंत आरोपी.’

मी माझ्या दारातून टोमणा मारायचे, ‘ज्याने काही केलंच नाही त्याला वकील लागतोच कशाला ग?’

‘त्यालाच जास्त लागतो, शैले. केलेला माणूस तयारीने येतो.’

मग माझ्याच घरात चोरी झाली, आणि तुझी ही सगळी शिकवण माझ्या मुळावर आली.

पाटल्या सासूबाईंच्या होत्या. जायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या हातात चढवलेल्या. शाळेत जाताना मी त्या तूरडाळीच्या डब्यात ठेवायचे. डोंबिवलीतल्या निम्म्या बायका ठेवतात आणि प्रत्येकीला वाटतं ही युक्ती आपल्यालाच सुचली. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन दिवस रंगारी होते. आणि हिराबाई होती, खाडीकडच्या कोळीवाड्यातली, आठवड्यातून तीनदा मासळीची पाटी घेऊन यायची. कोळंबी सोलून द्यायला ती माझ्या स्वयंपाकघरात बसायची. कुठल्या डब्यात काय हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. मंगळवारी डब्यात हात घातला तर नुसती डाळ. तू तेव्हा नेमकी गावाला, भाऊजींच्या आईला बघायला गेलेलीस.

बुधवारी हिराबाई आली. तिने अजून डोक्यावरची पाटी उतरवली नव्हती. मी दारातच ओरडले, ‘हिराबाई, काय केलंत हे? तुम्हाला घरात घेतलं ते ह्यासाठी?’ तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, ‘चुकला-माकला आसंल त माफी करा, बाय.’

झालं! वरच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात जमल्या होत्या. ‘बघा, चोराच्या मनात चांदणं,’ असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी कशाला, मीच म्हणाले.

पोलीस स्टेशनात हवालदारांनी माझी फिर्याद लिहून घेतली. ‘सदर महिलेने माझे समक्ष गुन्हा कबुल केला.’ मी मराठीची शिक्षिका, वाचल्याशिवाय सही कशी करीन? आणि वाचताना माझा डोळा कशावर गेला असेल? ‘कबुल’मधला ‘बु’ ऱ्हस्व होता. मी म्हटलं, ‘हवालदार, अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ. कबुली ऱ्हस्व, कबूल दीर्घ.’ ते बिचारे म्हणाले, ‘तुम्हीच करा बाई.’ मी माझ्या पेनाने तो दीर्घ केला, बाजूला छोटी सही केली, खाली मोठी सही केली. वाक्य खरं आहे का, हे बघायचं राहून गेलं. हिराबाईला त्याच दुपारी नेलं.

दुसऱ्या दिवशी तू गावाहून परस्पर कल्याणला गेलीस, कोर्टात. तुझं दुसरंच काहीतरी काम होतं. हिराबाईला पुढे आणलं, आणि साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ ती हात जोडून म्हणाली, ‘चुकला-माकला आसंल त माफी करा, सायेब.’ अख्खं कोर्ट हसलं. तू हसली नाहीस. उठून म्हणालीस, ‘ह्या बाईंच्या तर्फे मी आहे.’ कागद हातात आल्यावर फिर्यादीचं नाव वाचलंस, तरी खाली बसली नाहीस. हे सगळं तू मला फार नंतर सांगितलंस. त्या दिवशी फक्त माझ्या दारात आलीस.

‘शैले, तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून आले. हिराबाईची वकील मी आहे. आता ह्या केसबद्दल आपण एक शब्द बोलायचा नाही.’

‘वा ग वा! माझ्या घरात चोरी करणारीला सोडवणार, आणि मग माझ्याचकडे विरजण मागायला येणार?’

‘विरजण नाही मागणार,’ तू म्हणालीस.

आणि खरंच मागितलं नाहीस, अडीच वर्षं! मी केसच्या रागात म्हणाले होते, आपल्याबद्दल नव्हे, हे तुला कळत नव्हतं थोडंच? पण नाही. जिन्यात दिसलीस की मान खाली घालून वर जायचीस. बिल्डिंगीच्या अंगणात पाण्याचा टँकर आला तरी तुझी बादली शेवटची. दही करायचं सोडलंस पण शब्द सोडला नाहीस. आडमुठी म्हणते ती ही.

हिराबाईला जामीन मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मी वर्गात शिकवत होते, जेवत होते, झोपत होते. आता लिहिताना लाज वाटते.

केस उभी राहिली तेव्हा मी पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढले. सरकारी वकील भला माणूस होता. व्हरांड्यात म्हणाला, ‘बाई, पाटल्या सापडल्या नाहीत, घेताना कोणी पाहिलं नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसापुढची चालते. तेव्हा ‘तिने कबूल केलं’ एवढं ठाम सांगा.’ म्हणजे ती बाई तुरुंगात जाणार की घरी, हे माझ्या जिभेवर होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

सरकारी वकिलाच्या प्रश्नांना मी पढवल्यासारखी उत्तरं दिली. मग तू उठलीस. अडीच वर्षांनी माझ्याशी बोललीस, तेही अहो-जाहो करून.

‘बाई, तुम्ही शाळेत काय शिकवता?’

‘मराठी.’

‘फिर्यादीतला हा दीर्घ ऊ कोणाच्या हातचा?’

‘माझ्या.’

‘म्हणजे वाक्य तुम्ही नीट वाचलं होतं. ‘गुन्हा कबूल केला’, हे शब्द हिराबाईंचे आहेत?’

‘नाही. हवालदारांचे आहेत.’

‘मग हिराबाईंचे सांगा. जसेच्या तसे.’

साहेबांनी वर बघितलं. मागच्या बाकावर हे बसले होते, मला त्यांचं खाकरणं ऐकू आलं. कुंदाताई, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. मला तुझा राग आला होता. वाटलं, ठोकून द्यावं, ‘मी पाटल्या घेतल्या असं म्हणाली.’ कोण खोटं ठरवणार होतं मला? मी शिक्षिका, आणि ती मासळीवाली. पिंजऱ्यात ती उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, आणि माझ्याकडून तिची काहीच अपेक्षा नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग एकदम पेपर तपासताना होतं तसं झालं. मुलाने न लिहिलेल्या शब्दाला मी आयुष्यात कधी मार्क दिला नव्हता, आणि कापलाही नव्हता.

‘चुकला-माकला आसंल त माफी करा, बाय,’ मी म्हटलं. तिच्याच उच्चारात म्हटलं.

‘ह्याआधी कधी त्या तुम्हाला असं म्हणाल्या होत्या?’

‘नेहमीच. नारळी पौर्णिमेला करंज्या घेऊन यायची तेव्हा. बोंबील बारीक निघाले की. कधी कधी नुसतंच, जाताना.’

‘आणि त्या दिवशी हे म्हणाल्या त्याच्या आधी, काय चोरीला गेलंय हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?’

‘नाही. मी फक्त ‘काय केलंत हे’ म्हटलं होतं.’

‘आणखी प्रश्न नाहीत,’ तू म्हणालीस आणि खाली बसलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस!

पुढे कधीतरी तू मला समजावून सांगितलंस, की त्यांच्या गावकीत, म्हणजे कोळीवाड्याच्या पंचांपुढे, बोलावणं आलं की आधी हात जोडून हेच म्हणायचं असतं. मग आपली बाजू मांडायची. ते न म्हणता जो बोलायला लागतो तो उर्मट. हिराबाई माझ्या दारात पहिलं वाक्य बोलली होती. दुसऱ्या वाक्यापर्यंत मी थांबलेच नाही.

संशयाचा फायदा देऊन तिला सोडलं. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तू वाटी घेऊन उभी होतीस. ‘विरजण आहे का ग?’ मी आत गेले, दह्याच्या भांड्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडले, मग डोळे पुसून चमचाभर दही आणून दिलं. तू काही विचारलं नाहीस. एवढी मोठी उलटतपासणी घेणारी बाई, पण कुठे विचारू नये हे तुला बरोबर कळायचं.

त्यानंतर तुझे मराठी अर्ज माझ्या नजरेखालून जायला लागले. ‘तपास ग जरा, बाई. वेलांट्या बघ, आणि वाक्य खरं आहे का तेही बघ,’ असं म्हणून डोळे मिचकावायचीस. मेली! दर वेळी तेवढी एक टाचणी टोचल्याशिवाय तुला चहा गोड लागायचा नाही. मग आपण तो कागद करायला घेतला, ‘अटक झाली तर’. तुझ्या दारातल्या प्रश्नांची सोप्या मराठीत उत्तरं, झेरॉक्स काढून वाटायला. कशासाठी धरलं ते विचारा. घरी कळवा. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. ‘वाचलेल्यावरसुद्धा विचार करून करा,’ हे मी घातलं, आणि तू इतकी हसलीस की ठसका लागला.

सातव्या मुद्द्यावर मात्र आपलं फाटलं. तुला लिहायचं होतं, ‘आधी माफी मागू नका.’ मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. माणसाने हात जोडणं सोडायचं का, कोर्टाला कळत नाही म्हणून? कोर्टाने मराठी शिकावं! तू म्हणालीस, ‘कोर्ट शिकेपर्यंत आत कोण बसणार, तू?’ तुझं बरोबर होतं. माझंही होतं. तो मुद्दा शेवटपर्यंत कोराच राहिला, आणि सहा मुद्द्यांचा कागद आपण वाटला.

आणि दुसरं भांडण. ते तर मीच उकरून काढायचे, वर्षातून चारदा तरी.

‘कुंदाताई, खरं सांग. पाटल्या तिने घेतल्या होत्या का?’

‘निकाल वाच.’

‘निकालात संशयाचा फायदा म्हटलंय. म्हणजे संशय राहिलाच ना?’

मग तू चिडायचीस. ‘संशय तिच्यावर नाही ग, केसवर! माणूस निर्दोषच असतो. सिद्ध करावं लागतं ते दुसरं.’

‘पण तुला माहीत आहे. तिने तुला सांगितलं असणार.’

‘सांगितलं असेल तर ते तिचं आहे. माझं नाही, तुझं तर नाहीच नाही.’

मी मान हलवायचे. पटायचं नाही. अकरा वर्षं पटलं नाही. डाळीचा डबा उघडताना दर वेळी वाटायचं, ती इथेच बसायची. नाक्यावर ती दिसली की मी रस्ता ओलांडायचे. ती आपल्या बिल्डिंगीचा जिना पुन्हा चढली नाही. तुला मासे हवे असले की फाटकापर्यंत यायची आणि तिथूनच हाक मारायची.

ठाण्याच्या हॉस्पिटलात, त्या शेवटच्या आठवड्यात, मी लाज सोडून पुन्हा विचारलं. ‘आता तरी सांग.’ तुला बोलताना धाप लागत होती. तरी म्हणालीस, ‘अशील ती आहे, शैले. तू नाहीस.’ मला राग आला. खरंच आला! मरणाच्या दारात असलेल्या माणसावर रागावून मी डबा उचलला आणि घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुझं बोलणं बंद झालं होतं.

शोकसभेत सगळे म्हणाले, तू किती जणांना वाचवलंस. हिराबाईचं नावही कोणीतरी घेतलं. पण त्या दिवशी कोर्टात तू मला वाचवलंस, हे कोणाला माहीत नाही, आणि मीही तुला कधी म्हटलं नाही. माझ्या तोंडून ते खोटं वाक्य निघालं असतं तर मी पुढची सगळी वर्षं मुलांच्या चुकांवर लाल पेन कुठल्या तोंडाने फिरवलं असतं? तू मला एकेक प्रश्न विचारत अशा जागी आणून उभं केलंस की खरं बोलणं सोपं झालं. फार उपकार झाले ग तुझे.

काल हिराबाई आली.

तुझ्या दाराला कुलूप, भाऊजी लेकीकडे. जिन्यात कोणाचा तरी दम लागल्याचा आवाज आला म्हणून मी दार उघडलं तर ती. केस सगळे पांढरे झालेत. कुलपाकडे बघत उभी होती. ‘वकीलबाय गेली ती आमाला कोन सांगनार? आज बाजारान कलला.’

मी तिला आत बोलावलं. नको नको म्हणत आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. हात मांडीवर धरून, नजर खिडकीबाहेर. स्वयंपाकघराच्या दिशेला तिने एकदाही बघितलं नाही, कुंदाताई. मुद्दाम बघितलं नाही, मला कळलं. पाणी दिलं तर भांडं घेऊन प्यायली, तिथेच ठेवलं, आणि हात पुन्हा मांडीवर. आम्ही बराच वेळ तुझ्याबद्दल बोलत असल्यासारखं करत राहिलो. मग माझ्याच्याने राहवेना.

‘हिराबाई, ती पाटल्यांची गोष्ट… मी वकीलबाईंना किती वेळा विचारलं. शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यांनी.’

‘काय नाय सांगला?’

‘तुम्ही घेतल्या होत्या की नाही ते.’

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नव्हे. अगदी नवल वाटल्यासारखी.

‘तिला इचारलाव? अवो बाय, मी रोज नाक्याव बसतंय. मना कवा इचारलाच नाय तुमी.’

खरं होतं ग. मी तिला ‘काय केलंत हे’ म्हटलं, ‘केलंत का’ म्हटलं नाही. हवालदारांना सांगितलं, ह्यांच्याशी वाद घातला, साहेबांपुढे साक्ष दिली, तुझं तर डोकं खाल्लं. एका माणसाला सोडून सगळ्यांना विचारलं.

मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. ‘हिराबाई, माझ्या पाटल्या तुम्ही घेतल्या होत्या का?’

‘नाय.’

एवढंच. ना शपथ, ना पुरावा, ना साक्षीदार. आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला, कुंदाताई. तिथल्या तिथे ठेवला. तिचे हात धरून रडले, म्हटलं, माझी चूक झाली, नऊ दिवस तुम्हाला आत बसवलं, माझी चूक झाली. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि मग तिलाही रडू आलं, ते तुझ्यासाठी का त्या नऊ दिवसांसाठी, मी विचारलं नाही.

वाद तू जिंकलीस. पण तू असतीस तर ती फाटकातूनच हाक मारून गेली असती, जिना चढली नसती, आणि मी विचारलं नसतं. म्हणजे मला एवढं साधं कळायला तुला जावं लागलं. ह्याचा मला फार राग येतो ग. तुझाच येतो, दुसऱ्या कोणाचा येणार.